खांब बोलला ते लिहिलं

खारेवाडी, ता. रत्नागिरी
सोमवार, ४ जुलै १९८८

बाबल्या,

इंग्रजीत लिहिलंस ते मुद्दाम, की तुला आता दुसरं काही येतच नाही? पाकिटावर तुझ्या भावोजींचं नाव, ‘श्री. भागोजी शिवलकर, भरती-वाचक’ असं यंत्राने छापलेलं. आत खाली तुझी सही, डॉक्टर वगैरे लावून. घरात इंग्रजी वाचणारं कोणी नाही म्हणून कागद घेऊन पोस्टात गेले. पोस्टमास्तरने चष्मा पुसला नि खिडकीशी सात-आठ माणसं उभी असताना मोठ्याने मराठी करून सांगितलं. मे १९८४ पासून खारेवाडीचे आकडे विश्वास ठेवण्याजोगे नाहीत. त्यांवरून इथला समुद्र तेवीस सेंटीमीटर खाली गेल्याचं दिसतं. मुंबईच्या भरती मोजायच्या खांबावर तसं दिसत नाही, अमेरिकेच्या उपग्रहाला तसं दिसत नाही. तरी वाचकाने आकडे जाग्यावर न जाता घरी बसून भरले असावेत. सबब हे ठिकाण अहवालातून वगळण्यात येत आहे.

मागे दमयंती उभी होती, सुकी मासळी विकते ती. म्हणते कशी, “काय गो मथुरे, तुम्ही समुद्र घरी बसून मोजता होय? मग माझे सुके बांगडे पण बसल्या जागी विकून दे.” सगळे हसले. पोस्टमास्तर पण हसला. हसणं तुझ्या पैशाचं, लाज माझ्या घरची.

खांब कुठे आहे ते तरी आठवतं का तुला? धक्क्याच्या टोकाला, जिथून तू लहानपणी पाण्यात पडलास नि मी परकरासकट उडी मारली, तिथेच. पांढऱ्यावर काळ्या रेघा, सेंटीमीटरच्या. भरती पुरी चढली की एकदा वाचायचं, ओहोटी तळाला गेली की एकदा. म्हणजे रात्र-दिवस धरून चार वेळा. तू तुझ्या आयुष्यात कुठल्या एका वस्तूकडे रोज चार वेळा पाहिलंस? बायकोकडे तरी पाहतोस का?

आणि नुसतं पाहून आकडा मिळत नाही. पाणी हलतं. एक लाट चाळीस दाखवते, दुसरी सत्तर. खात्याने सांगितलं होतं, तीन लाटा बघा नि मधला धरा. मधला कसला धरतात, पावसाळ्यात? मी त्यावर उपाय केला. जाड बांबूच्या गाठी आतून फोडल्या, नळीसारखा मोकळा केला, बुडाशी एकच बारीक भोक ठेवलं नि तो खांबाला काथ्याने बांधला. बाहेर समुद्र कितीही नाचू दे, त्या नळीत पाणी गुमान उभं राहतं. त्यात हलकी काडी तरंगत सोडायची नि काडीच्या टोकासमोरची रेघ वाचायची. हे कुठल्या साहेबाने शिकवलं नाही.

खोटं लिहिणारा पानं कोरी ठेवत नाही, एवढं तरी तुझ्या डोक्यात यायला हवं होतं. दर महिन्याची नक्कल तुमच्याकडे येते ना? १९८५ चा जून काढ. तीन दिवस कोरे आहेत. वादळात धक्क्यावर उभं राहता येत नव्हतं. १९८६ चा एक पूर्ण दिवस कोरा आहे, त्या दिवशी माझी सासू गेली. घरी बसून लिहायचं असतं तर मेलेल्या सासूला बाजूला ठेवून आकडा टाकायला कितीसा वेळ लागला असता?

तुझा उपग्रह आमच्यावरून सतरा दिवसांनी एकदा जातो असं पोस्टमास्तर म्हणाला. आठशे किलोमीटरवरून. पाय न भिजवता. त्याने एकदा वाकून बघितलं नि तू इथल्या सात वर्षांच्या वह्या कचऱ्यात टाकायला निघालास.

ह्यांना मी पत्राबद्दल काही सांगितलेलं नाही. ते पत्र मागे घे. मराठीत लिही.

मथुराबाय

•

गुरुवार, २१ जुलै १९८८

बाबल्या,

मराठी लिहितोस अजून, म्हणजे मेली नाही ती तुझ्यात. अक्षर मात्र कोंबडीने उकरल्यासारखं. चार पानं लिहिलीस, त्यांतली दीड तर तू निर्दोष कसा त्याचीच आहेत. ते पत्र ठरावीक होतं, कारकुनाने टाइप केलं, अशी अकरा पत्रं गेली, तू न वाचता सही केलीस. हे तू मला बरं वाटावं म्हणून सांगतोस? माणसाला खोटा ठरवणाऱ्या कागदावर न वाचता सही केलीस, हे वाचून सही करण्यापेक्षा वाईट आहे. तुला डॉक्टर कोणी केलं त्याचा पत्ता पाठव.

उपग्रहाचं लिहिलंस ते दोनदा वाचलं, कळलं. इतकं काही अवघड नाही. वरून हाक मारायची, ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, त्यावरून पाणी किती खाली ते काढायचं. आपण घराच्या बावडीत ओरडायचो तसंच. फक्त आपण बावडीच्या काठावर उभे असायचो नि काठ हलत नव्हता. तुझा उपग्रह स्वतःच वरखाली होतो, त्याची उंची वीतभर इकडेतिकडे चुकते, असं तूच लिहितोस. मग तो किती उंच आहे ते कसं ठरवता? तर म्हणे किनाऱ्यावरच्या खांबांशी ताडून. आणि किनाऱ्याजवळ आला की जमीन आडवी येते नि त्याला पाणी नीट दिसत नाही. म्हणजे माझ्या खांबावरून त्याची परीक्षा घेता, नि तो नापास झाला की माझा खांब खोटा. शहाण्यांचं काम आहे.

तुझे प्रश्न. एक, खांब कोणी हलवला का. हो, तुमच्याच माणसांनी. एप्रिल १९८४ मध्ये मोजणीवाले आले होते, दर दोन-तीन वर्षांनी येतात तसे. दुर्बिणीचा तिपाया लावला, दगडावर पट्टी उभी केली, खांबाजवळ पट्टी उभी केली, बेरजा-वजाबाक्या केल्या नि म्हणाले, धक्का खचलाय, खांब तेवीस सेंटीमीटर खाली गेलाय. मग खांब सोडवला, तेवीस वर उचलला, पुन्हा ठोकला, निघून गेले. खांब वर गेला तर आकडा खाली येणारच. त्यात वाचणाऱ्याची काय चूक?

दोन, दगड. तुला आठवत असेल, धक्क्याच्या मुळाशी जांभ्याचा गुडघाभर दगड आहे, त्यात पितळेचं बोंड बसवलेलं. इंग्रजांच्या वेळचा. त्याच्यावरूनच सगळं मोजतात, खांब किती खाली आहे तेही. तसला दुसरा दगड होता तो बर्फाच्या कारखान्याखाली गेला. हा राहिला तो गावाने त्याला देव मानला म्हणून. तू असतानाच शेंदूर चढला होता त्याला. नारळी पौर्णिमेला पहिला नारळ त्यालाच.

तर गावाने तो देव चौथऱ्यावर ठेवला आहे. १९८४ च्या शिमग्यात. मोठ्या उधाणाचं पाणी दगडापर्यंत यायला लागलं होतं, आधी येत नव्हतं. शेंदूर धुऊन जायचा. देव ओला बसतो हे लोकांना बघवेना. खाली एक चिरा घातला, वर देव ठेवला.

चिरा मी काल मोजला. खालचा चुना धरून तेवीस.

मोजणीवाल्या साहेबाला तो चौथरा दिसला नाही असं नाही. त्याने चपला काढल्या. हात जोडले. नमस्कार करून त्याच देवाच्या डोक्यावर पट्टी उभी केली. देव उचललाय का हे विचारायचं त्याला सुचलं नाही. तो पण तुझ्यासारखा शिकलेला असणार.

आता कळलं? धक्का खचला नव्हता. देव वर गेला होता. वह्या खऱ्या आहेत. प्रत्येक आकड्यात तेवीस मिळवा नि बघा.

मथुराबाय

•

सोमवार, ८ ऑगस्ट १९८८

बाबल्या,

तुझ्या कचेरीत पेढे वाटले म्हणे. तेवीस मिळवले नि सगळं मुंबईशी जुळलं, उपग्रहाशी पण जेवढं जुळायचं तेवढं जुळलं. नळीतल्या आकड्यांइतके स्वच्छ आकडे ह्या किनाऱ्यावर कुठे नाहीत असं तुझा वरचा माणूस म्हणाला. म्हणाला असेल. मला त्याचं काय करायचंय.

पण पत्राच्या शेवटी तू दोन ओळी लिहिल्यास. ‘दगड नक्की कोणी आणि कोणत्या दिवशी उचलला? आणि भावोजी रोज तिथे असताना त्यांनी खात्याला का कळवलं नाही? एवढा नेमका माणूस.’

आठ दिवस ह्याचं उत्तर द्यायचं नाही असं ठरवून बसले होते. भात लावणी झाली, हात मोकळे झाले, आता काही कारण उरलं नाही.

तुझे भावोजी १९८१ च्या दिवाळीपासून धक्क्यावर गेलेले नाहीत. उजवी बाजू गेली. हात, पाय, अर्धं तोंड. वाचा पण गेली. तुला मी तेव्हा लिहिलं होतं, ह्यांना बरं नाही. तू एका ओळीत काळजी घ्यायला सांगितलंस. ‘बरं नाही’ म्हणजे किती, हे विचारायला तू रत्नागिरीच्या गाडीत बसला नाहीस. मग मी पण पुढे सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? तू अहमदाबादेहून दुसरी ओळ पाठवली असतीस.

तेव्हापासून वाचते मी. नवऱ्याची जागा गेली असती म्हणून कळवलं नाही, हे एक. दुसरं, त्या जागेवर भिवा तांडेलाचा पुतण्या टपला होता, तो खांबाकडे बघण्याआधी बाटलीकडे बघणारा. सही मी ह्यांची गिरवते. दुसरी शिकलेल्या बाईला सही गिरवायला आठवडा पुरला. तिसरीत तू झालास नि तुला कडेवर घ्यायला शाळा सुटली, नाहीतर दोन दिवसांत जमली असती.

आता दगड. गाव गाव म्हणून मी लिहिलं, ते तोंड लपवायला. गावाला देव ओला दिसत होता हे खरं. पाणी तिथवर यायला लागलं होतं हेही खरं. पण लोक नुसतं बोलत होते. उचलला मी. माझा नवस होता. ह्यांची वाचा गेली त्या आठवड्यात मी त्या दगडापुढे उभी राहून म्हटलं होतं, ह्यांना बोलतं कर, तुला ओलीतून वर काढीन. दोन वर्षं काही नाही. मग १९८४ च्या माघात एक दिवस मी भरती वाचून घरात आले नि हे खाटेवरून म्हणाले, “किती?”

तोंड वाकडं, पण शब्द सरळ. मी म्हटलं, तीनशे सहा. त्यांनी डोळे मिटले, जेवल्यासारखे. आज त्यांच्याजवळ चार शब्द आहेत. किती, पाणी, नको, नि एक शिवी. मी धक्क्यावरून आले की रोज पहिला शब्द तोच.

मग मी नवस फेडला. सदू गवंड्याला बोलावलं, विठू गुरवाने नारळ फोडला, चार माणसांनी दगड उचलला, मी स्वतः चुना कालवला. रंगपंचमीचा दिवस. लिहून घे तुझ्या वहीत.

आणि हेही लिहून घे. एप्रिलमध्ये मोजणीवाले खांब उचलत होते तेव्हा मी दहा पावलांवर उभी होते. चिऱ्याएवढाच खांब वर जातोय हे मला तिथेच कळलं. साहेबाला कळलं नाही, मला कळलं. मी गप्प राहिले. बोलले असते तर विचारला असता पहिला प्रश्न हाच, तू कोण? वाचक कुठे आहे? चार वर्षं मी खांब जे बोलला ते लिहिलं. एक आकडा माझ्या मनचा नाही. पण खांब वाकडं बोलतोय हे मला ठाऊक होतं, नि तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाही ठाऊक होतं. तुला शिव्या देताना अर्ध्या मला होत्या. अर्ध्याच. बाकीच्या तू ठेव.

मथुराबाय

•

सोमवार, ५ सप्टेंबर १९८८

बाबल्या,

तुझं पाकीट शनिवारी आलं. आधी माझ्यासाठी लिहिलेलं पान. ‘बाय, मला काहीच माहीत नव्हतं, मी यायला हवं होतं.’ होतं. त्यावर माझं एवढंच.

मग तो टाइप केलेला मराठी कागद. ‘मी, भागोजी शिवलकर, भरती-वाचक, लिहून देतो की मार्च १९८४ मध्ये दगड उचलल्याचे माझ्या पाहण्यात आले होते, परंतु नजरचुकीने खात्यास कळवायचे राहून गेले.’ खाली सहीला जागा. आणि चिठ्ठीत तुझी शिकवणी: ‘तू नेहमीसारखी सही करून टाक. कोणाला कळणार नाही. वह्या वाचतील, जागा वाचेल, सगळं नीट होईल. वीस तारखेला अहवाल छापायला जातो.’

जुलैत तू मला खोटं लिहिणारी ठरवलंस. सप्टेंबरात तूच मला खोटं लिहायला सांगतोस, नि तेही चांगल्या कागदावर. दोन महिन्यांत किती शिकलास.

सात वर्षं मी ह्यांची सही केली ती आकड्यांखाली. आकडा खरा होता, सही खोटी. तू मागतोस ती सही एका खोट्या वाक्याखाली. ह्यांच्या पाहण्यात आलं नव्हतं. ते खाटेवर होते. ‘नजरचूक’ म्हणे. आयुष्यभर ज्याची नजर चुकली नाही त्या माणसाला मी कागदावर विसराळू करायचं, का, तर तुझ्या अहवालात बाईचं नाव नको म्हणून. बायकोचं नाव घातलं तर विचारतील, तेरा वर्षांचा वाचक खाटेवर, खात्याला पत्ता नाही, नि डॉक्टरसाहेबांच्या बहिणीच्याच घरचं प्रकरण. तुझं नाक आहे ते. त्याला सरळ नाव दे.

मी तो कागद ह्यांना वाचून दाखवला. आजवर काहीच दाखवलं नव्हतं, ते तुझं जुलैचं पत्र पण दाखवलं, माझा नवस सांगितला, चिरा सांगितला. वाटलं होतं, शिवी येईल. त्यांनी डाव्या हाताची आधी दोन बोटं वर केली, मग तीन.

त्यांना ठाऊक होतं, बाबल्या. उधाणाला खांबावर किती यायला हवं हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. चार वर्षं मी रोज आकडा सांगत होते नि ते रोज मनात तेवीस मिळवत होते. विचारायला शब्द नव्हता. मी विचारलं नाही.

म्हणून आता असं. तुझा टाइप केलेला कागद मी चुलीत घातला. दुसरा कागद माझ्या अक्षरात ह्याच पाकिटात आहे. त्यात लिहिलं आहे: नोव्हेंबर १९८१ पासून खारेवाडीचा खांब मी वाचते. मार्च १९८४ ला दगड मी उचलवला, खाली एक चिरा, तेवीस सेंटीमीटर. मोजणीवाल्यांनी खांब वर घेतला तेव्हा मी बोलले नाही. आकडे सगळे खरे आहेत. तेवीस मिळवावे. खाली सही, मथुरा भागोजी शिवलकर. माझी. गेल्या सात वर्षांत पहिल्यांदा केली, जरा वाकडी आली आहे.

ह्याने काय जाईल ते मला कळतं. जागा जाईल. भिवाचा पुतण्या वही घेऊन धक्क्यावर बसेल. ह्यांनी “किती” विचारलं तर मी काय सांगणार ते मला माहीत नाही. खात्याने वही काढून घेतली तरी धक्का कोणाच्या बापाचा नाही, मी जाऊन बघून येईन, पण तो आकडा कुठे जमा होणार नाही हे त्यांना कळेल. तरी ही सही मागे घेणार नाही. कारण ह्या सहीशिवाय वह्या राहिल्या तर त्या ह्यांच्या नावावर एका खोट्या वाक्याच्या आधाराने राहतील. तशा नकोत. त्यापेक्षा गाळा.

तुझ्यापुढे दोनच गोष्टी आहेत. एक, माझा कागद आहे तसा अहवालाला जोडायचा, एक अक्षर न बदलता, नि वाचक म्हणून १९८१ पर्यंत त्यांचं नाव, पुढे माझं. दोन, खारेवाडी गाळायची, नि का गाळली ते तुझ्या अक्षरात मला लिहायचं: आकडे खोटे म्हणून नव्हे, बाईने वाचले म्हणून. मधलं काही चालणार नाही. ‘बघतो’, ‘वरच्यांशी बोलतो’, ‘तू समजून घे’ असलं पत्र आलं तर मी ते न फोडता पोस्टमास्तरला परत देईन. तुझ्या दोन्हींपैकी कुठलं आलं तरी पितृपंधरवडा आटोपला की मोजणीवाले येणार आहेत. त्यांना दगडापाशी उभं करून हेच सगळं मी तोंडाने सांगणार आहे.

तुझा अहवाल मंगळवारी वीस तारखेला छापायला जातो. रविवारी इकडे टपाल येत नाही, नि सोमवारी आलं तर त्यावर मला काही करायला वेळ उरत नाही. तेव्हा शनिवार, १७ सप्टेंबरच्या चारच्या टपालाने तुझं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. उघड्या कार्डावर लिही, पोस्टमास्तरला खिडकीशी उभं राहून सगळ्यांसमोर वाचता येईल असं. एक की दोन?

मथुरा भागोजी शिवलकर